पूमसे: प्रतिस्पर्धी नसलेली झुंज

तायक्वांदो हे नाव कानी पडताच डोळ्यांसमोर उभे राहते ते ऑलिंपिकच्या प्रक्षेपणातले दृश्य: मस्तकावर शिरस्त्राण, छातीवर निळे वा तांबडे कवच, आणि एकमेकांच्या मस्तकाचा वेध घेणाऱ्या दोन चपळ खेळाडूंच्या लाथा. या विद्येचे ते एक अंग झाले, आणि सिडनीच्या २००० सालच्या ऑलिंपिकपासून पदकांच्या यादीत त्याला कायमचे स्थान मिळाल्यामुळे जगाच्या परिचयाचेही तेवढेच झाले; परंतु जी माणसे ही विद्या वर्षानुवर्षे आचरतात, त्यांच्या अभ्यासाचा फार मोठा वाटा ज्या दुसऱ्या अंगावर खर्च होतो, त्याची जागतिक स्पर्धा भरू लागून अद्याप पुरती दोन तपेही लोटलेली नाहीत.

या दुसऱ्या अंगाला पूमसे म्हणतात. ठरलेल्या क्रमाने, ठरलेल्या दिशांना वळत, ठरलेल्या पवित्र्यांत उभे राहून केलेले वार आणि त्यांचे वारण यांची ती एक सलग मालिका असते. चारी बाजूंनी शत्रू चालून येत आहे असे गृहीत धरून ती एकट्याने पार पाडायची असते. कोल्हापूरच्या तालमीत मर्दानी खेळ शिकणारा मुलगा पट्टा फिरवू लागण्यापूर्वी नुसते पवित्रे घोटीत राहतो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना पूमसेचे मर्म वेगळे सांगावे लागू नये. मात्र सरावाची ही रीत जेव्हा स्पर्धेचा विषय होते, तेव्हा मोठा पेच उभा राहतो. कुस्तीत पाठ टेकली की निकाल लागला. शर्यतीत फीत ओलांडली की वाद मिटला. येथे कोणी पडत नाही आणि कोणी कोणाच्या पुढे जात नाही. एक माणूस दहा मीटर लांबरुंद चौकोनात शिरतो, लवून वंदन करतो, ‘शीजाक’ असा आरंभाचा हुकूम होताच आपली मालिका सुरू करतो, ती पुरी करून निघाल्या जागी परत उभा राहतो, आणि पंचांनी त्याच्या या एकाकी कृतीची किंमत ठरवायची असते. ती न्यायाने कशी ठरवावी या एका प्रश्नाभोवती ही सारी स्पर्धा रचलेली आहे, आणि मला तिचे आकर्षण वाटते तेही त्यामुळेच.

पूमसेविषयी एक गोष्ट आरंभीच सांगून टाकणे प्रामाणिकपणाचे होईल. हजारो वर्षांपूर्वीच्या कोरियन योद्ध्यांनी ती रचली असे भाविकपणे सांगितले जाते, परंतु इतिहासाचा दाखला तसा नाही. १९१० ते १९४५ पर्यंत कोरियावर जपानचा अंमल होता. त्या काळात तोक्योला शिक्षणासाठी गेलेले काही तरुण तेथे कराटे शिकून आले, आणि त्यांनी सोलमध्ये काढलेल्या शाळांत आरंभी ज्या मालिका शिकवल्या जात, त्या बहुतांशी जपानी काताच होत्या. तायक्वांदो हे नावसुद्धा १९५५ सालचे. पुढे निरनिराळ्या शाळा एका छत्राखाली आणण्याची खटपट सुरू झाली, तेव्हा परक्यांच्या मालिका टाकून स्वतःच्या रचाव्यात असा आग्रह वाढला, आणि १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून पुढील काही वर्षांत आजची पूमसे सिद्ध झाली. १९७२ साली सोलमध्ये कुक्कीवॉन ही या विद्येची मुख्य संस्था आपल्या वास्तूत सुरू झाली आणि १९७३ साली जागतिक महासंघ स्थापन झाला. म्हणजे जिला प्राचीन म्हणून वंदन केले जाते, ती रचना अर्धशतकाहून थोडी अधिक जुनी आहे. यात कमीपणा मानण्याचे मला कारण दिसत नाही. पारतंत्र्यातून बाहेर पडलेल्या एका समाजाने जाणीवपूर्वक, समित्या नेमून, आपल्या शरीराला स्वतःची लिपी दिली, ही गोष्ट कोणत्याही दंतकथेहून मला अधिक मोलाची वाटते.

लिपी हा शब्द मी अक्षरशः वापरतो आहे. काळ्या पट्ट्यापूर्वीच्या आठ पूमसेंना तेगुक म्हणतात; आकाश, सरोवर, अग्नी, मेघगर्जना, वायू, जल, पर्वत आणि पृथ्वी या आठ तत्त्वांशी त्या अनुक्रमे जोडलेल्या आहेत. त्यापुढील नऊ पूमसे काळ्या पट्ट्यानंतरच्या, आणि त्यांतील प्रत्येकीत पावले जमिनीवर एक आकृती रेखीत जातात. ९१८ ते १३९२ पर्यंत नांदलेल्या राजवंशाचे नाव धारण करणाऱ्या कोर्योची रेषा विद्वान या अर्थाच्या चिनी चिन्हासारखी, कुमगांगची पर्वताच्या चिन्हासारखी, हान्सूची जलाच्या. आणि सर्वांत शेवटच्या इल्योची रेषा बौद्ध परंपरेतून तिकडे पोहोचलेल्या स्वस्तिकाची आहे.

कोर्योचा आरंभ जवळून पाहण्यासारखा असतो. खेळाडू दोन्ही तळहात ओटीपोटापासून सावकाश वर आणतो आणि चेहऱ्यासमोर, जणू एखादी जड भिंत लोटावी तसे, पुढे ढकलून स्थिर करतो. या संथ क्रियेनंतर तो एकदम डावीकडे वळतो, शरीराचा बहुतेक भार मागच्या पायावर घेऊन हाताच्या कडेने वार अडवतो, आणि त्याच क्षणी उजव्या पायाने लागोपाठ दोन आडव्या लाथा झाडतो: पहिली प्रतिस्पर्ध्याच्या गुडघ्याच्या उंचीवर, आणि पाय जमिनीला न टेकवता दुसरी त्याच्या चेहऱ्याच्या उंचीवर. प्रेक्षकांची दृष्टी साहजिकच दुसऱ्या लाथेकडे जाते. आजकालचे खेळाडू ती जवळजवळ सरळ आकाशाकडे नेतात आणि पाय क्षणभर तेथेच रोखून धरतात. माझ्या मते मात्र खेळाडूची खरी परीक्षा पहिल्या लाथेत होते. त्या वेळी पावलाची बाहेरची कड पुढे आली की नाही, आधाराच्या पायाची टाच लक्ष्याकडे वळली की नाही, कंबर पूर्ण फिरली की घाईघाईने अर्ध्यावरच सोडून दिली, हे पाहिले म्हणजे त्याने किती वर्षे घासली आहेत ते कळते. कुमगांगमध्ये याहून कठीण प्रसंग येतो: एका पायावर क्रौंचासारखे उभे राहून, एक हात मस्तकावर आणि दुसरा खाली असे वारण सावकाश करावे लागते, आणि जो पाय शंभर वेगवान लाथांत डळमळला नाही, तो या संथपणात थरथरू लागतो.

आता न्यायनिवाड्याकडे वळू. प्रत्येक खेळाडूला दहा गुणांच्या हिशेबाने तोलतात. त्यांतील चार गुण अचूकतेचे, आणि ते मिळवायचे नसून राखायचे असतात. पवित्र्याची लांबी कमी पडली, हात ठरल्या जागी थांबला नाही, असा लहान दोष दिसला की एक दशांश गुण वजा, आणि क्रियाच विसरली, तोल जाऊन पाय टेकला, असा ठळक दोष झाला की तीन दशांश वजा. उरलेले सहा गुण सादरीकरणाचे, आणि ते दोन-दोनच्या तीन वाट्यांत विभागलेले: वेग आणि सामर्थ्य, बळ, गती व लय यांवरील ताबा, आणि सर्व हालचालींतून व्यक्त होणारे चैतन्य. पाच किंवा सात पंच स्वतंत्रपणे गुण देतात, त्यांतला सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा आकडा गाळतात आणि उरलेल्यांची सरासरी काढतात. त्यामुळेच निकालाच्या फलकावर दशांशचिन्हापुढे दोन-तीन अंक दिसतात आणि पदकाचा फैसला अनेकदा त्या अंकांतच होतो. कोणती पूमसे करावयाची तेही खेळाडूच्या मर्जीवर नसते; वयोगटागणिक ठरवून दिलेल्या यादीतून ती सोडतीने निघते. आपल्या आवडीच्या एकदोन मालिका घोटून आलेल्याचा येथे निभाव लागत नाही.

या पद्धतीवर आक्षेप घेता येतो, आणि तो घेतलाही जातो. अचूकतेचे चार गुण मोजून सांगता येतात. पण चैतन्य कोणत्या मापाने मोजावे? माझे उत्तर असे की माप अपुरे आहे हे मान्य करूनच ही नियमावली केलेली आहे. टोकाचे दोन आकडे गाळणे याचा अर्थच पंचाची दृष्टी चुकू शकते ही कबुली, आणि ती कबुली लेखी नियमात आणणाऱ्या व्यवस्थेवर माझा विश्वास अधिक बसतो.

पहिली जागतिक पूमसे स्पर्धा सप्टेंबर २००६ मध्ये सोल येथे झाली. पुढच्या वर्षी ती इंचॉनला आणि मग अंकारा, कैरो, ताश्कंद, व्लादिवोस्तोक अशी फिरत २०१२ साली कोलंबियातील तुंखा या गावी पोहोचली. बाली, मेक्सिकोतील आग्वास्काल्येंतेस, लिमा आणि तैपेई ही त्यानंतरची ठिकाणे. २०२० साली डेन्मार्कमध्ये भरावयाची स्पर्धा महामारीमुळे रद्द झाली, तेव्हा महासंघाने चित्रफितींवरून निकाल लावणारी दूरस्थ स्पर्धा घेतली, आणि प्रतिस्पर्धी लागत नसल्यामुळे ती घेणे शक्यही झाले. २०२२ साली कोरियातील गोयांग येथे आणि २०२४ साली हाँगकाँगमध्ये खेळाडू पुन्हा प्रत्यक्ष जमले.

आरंभीची वर्षे कोरियाने इतरांना फारसे जवळ येऊ दिले नाही, हे स्वाभाविक होते. म्हणून २०१८ साली जकार्ताच्या आशियाई क्रीडास्पर्धांत पूमसेचा प्रथम समावेश झाला, तेव्हा घडलेल्या घटनेचे महत्त्व मोठे आहे. पुरुषांची दोन्ही सुवर्णपदके कोरियाकडेच गेली. परंतु महिलांच्या सांघिक प्रकारात थायलंड पहिले आले, आणि वैयक्तिक प्रकारात यजमान इंडोनेशियाच्या देफिया रोस्मानियार हिने अंतिम फेरीत इराणच्या मर्जान सलाहशूरीला मागे टाकले. त्या स्पर्धांतले इंडोनेशियाचे ते पहिलेच सुवर्ण, आणि ते पाहायला राष्ट्राध्यक्ष जोको विडोडो स्वतः सभागृहात हजर होते. विद्या ज्यांची, त्यांच्याच हातून ती अशी निसटू शकते, हेच ती खऱ्या अर्थाने आंतरराष्ट्रीय झाल्याचे लक्षण मानले पाहिजे.

परंतु या स्पर्धेची जी बाजू मला सर्वाधिक प्रिय आहे ती पदकतक्त्यात दिसत नाही. झुंजीच्या प्रकारात तिशी उलटली की खेळाडूची उमेद संपत आली असे समजतात. पूमसेच्या जागतिक स्पर्धेत बारा वर्षांच्या मुलामुलींपासून गट सुरू होतात आणि तीस, चाळीस, पन्नास, साठ, पासष्ट अशा पायऱ्या चढत पासष्टीपुढच्यांसाठीही स्वतंत्र गट असतो. त्यांचा पोशाखही वेगळा. उच्च श्रेणीचे आचार्य पिवळ्या रंगाचा अंगरखा आणि गडद निळी विजार घालून उतरतात. सत्तरीला टेकलेला माणूस चेहऱ्याच्या उंचीवर लाथ नेतो तेव्हा ती विशीतल्या मुलाइतकी उंच जात नाही, पण पवित्रा बदलताना त्याचा भार एका पायावरून दुसऱ्यावर ज्या निश्चयाने सरकतो, तो विशीत क्वचितच साधतो. या वयाच्या गृहस्थाला राष्ट्राचे नाव पाठीवर घालून मैदानात उतरण्याचा हक्क देणाऱ्या जागतिक स्पर्धा फार थोड्या आहेत.

अलीकडे मुक्त पूमसे हा नवा प्रकार लोकप्रिय होत आहे. त्यात मालिका खेळाडूने स्वतः रचायची, ती संगीतावर बसवायची, आणि उडी मारून आडवी लाथ, एकाच उडीत अनेक लाथा, गिरकी घेऊन लाथ, झुंजीतल्या लाथांची साखळी आणि कसरतीची एक क्रिया असे पाच घटक त्यात आणायचे. येथे गुणांचे पारडे उलटते. सहा गुण तांत्रिक कौशल्याचे आणि चार सादरीकरणाचे. हवेत दोन वेळा फिरून लाथ झाडणारी मुले पाहताना कोणाचाही श्वास रोखला जाईल, आणि तरुणांना या विद्येकडे ओढण्याचे त्याचे सामर्थ्य मला मान्य आहे. तथापि त्याच्या झगमगाटात पारंपरिक पूमसेला दुपारच्या रिकाम्या खुर्च्यांपुढची वेळ मिळू लागली, तर ते मोठे नुकसान ठरेल. कारण उडीची उंची जशी वाढते तशी ती पेलणाऱ्यांची वयोमर्यादा खाली येते, आणि ज्या गुणामुळे ही स्पर्धा इतरांहून निराळी आहे तोच मागे पडतो.

आपल्याकडे तायक्वांदो रुजला तो १९७० च्या दशकात, आणि आज महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावीही त्याचे वर्ग चालतात. तेथे पूमसे शिकवली जाते ती बहुधा पट्ट्याच्या परीक्षेपुरती: पिवळा पट्टा मिळाला की पहिली तेगुक मागे पडते, हिरवा मिळाला की त्याआधीची, आणि पालकांचे लक्ष झुंजीतल्या पदकाकडे लागलेले असते. अशा परिस्थितीत अरुणाचल प्रदेशातून येऊन मुंबईत तयारी करणाऱ्या रूपा बायोर हिने मे २०२४ मध्ये व्हिएतनाममधील दा नांग येथे आशियाई पूमसे स्पर्धेत वैयक्तिक कांस्यपदक मिळवले. आता मुंबईच्या एखाद्या वर्गात मुलाने सहावी तेगुक पुन्हा पहिल्यापासून घटवायची आहे असे म्हटले, तर शिक्षकाला त्याची समजूत काढण्यापूर्वी विचार करावा लागेल.