न्युर्बुर्गरिंगवर भाड्याची गाडी

जर्मनीच्या आयफेल डोंगरातला न्युर्बुर्गरिंगचा नॉर्डश्लाइफे हा रेसट्रॅक १९२७ साली सुरू झाला. लांबी २०.८ किलोमीटर, वळणं ७० हून अधिक, चढउतार जवळपास ३०० मीटरचा. १९७६ साली रेसर निकी लाउडाची गाडी इथेच पेटली आणि फॉर्म्युला वनने या ट्रॅकवर पुन्हा शर्यत घेतली नाही. तरीही ठरावीक दिवशी, फेरीचे पैसे भरून साध्या परवान्यावर इथे गाडी घालता येते.

विमानतळावर घेतलेली भाड्याची गाडी मात्र इथे आणू नये. तसल्या बहुतेक करारांत ट्रॅकला मनाई असते. अपघात झाला तर विम्याचा आधार उरत नाही.

ट्रॅकसाठीच तयार केलेल्या गाड्या जवळपासच्या गावांत भाड्याने मिळतात. नवख्याने त्यातली सुझुकी स्विफ्टसारखी छोटी हॅचबॅकच घ्यावी. कमी ताकदीच्या गाडीचा वळणाआधीचा वेग कमी असतो, ब्रेक कमी तापतात, चूक सावरायला उसंत मिळते. रस्ता शिकायला हीच गाडी खरी.

सही करण्याआधी नुकसानीचं कलम शब्दन् शब्द वाचावं. गाडीच्या दुरुस्तीतला चालकाचा वाटा त्यात असतो. ट्रॅकचं रेलिंग वाकलं तर त्याचं आणि गाडी ओढून नेण्याचं बिल वेगळं येतं.

ट्रॅकवर ओव्हरटेक फक्त डावीकडून. मागून वेगवान गाडी आली की उजवा इंडिकेटर देऊन बाजूला व्हायचं. भारतातून गेलेल्यांनी डाव्या बाजूच्या स्टिअरिंगची सवय आधी बाहेरच्या रस्त्यावर करून घ्यावी.