शाखा बदलली की शब्द बदलतात
वकिलाच्या कचेरीत काम करू पाहणाऱ्या सीमाभागातील मुलांसाठी ग्वाल्हेरचा धडा

वकिलाच्या कचेरीत वकिलाइतकाच महत्त्वाचा आणखी एक माणूस असतो. आपल्याकडे त्याला कारकून म्हणतात, ग्वाल्हेरकडे मुन्शी म्हणतात, आणि शिकलेल्या मंडळींत आता पॅरालीगल हा शब्द रूढ झाला आहे. कोर्टापुढे युक्तिवाद करण्याचा अधिकार त्याला नाही. पण कागद लावणे, नकला काढणे, मुदत सांभाळणे, पक्षकाराला तारखेची आठवण देणे ही कामे त्याचीच. आपल्या खेड्यांतील पदवीधर मुलांना हा मार्ग खुला आहे. मात्र जमिनीच्या कामात पाच-सात वर्षे घालवल्यावर फौजदारीकडे किंवा दिवाणीकडे वळता येते का, अशी शंका ते विचारतात. तिचे उत्तर शोधण्यासाठी ग्वाल्हेरकडे पाहणे उपयोगाचे ठरेल.

एकाच शहरात अनेक दारे

दौलतराव शिंद्यांची छावणी जिथे पडली, त्या वस्तीला आजही लष्कर असेच म्हणतात. मराठी कुटुंबे तिथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. पण कोर्टकचेरीचा व्यवहार हिंदीत चालतो. १९४८ साली ग्वाल्हेर संस्थान मध्यभारतात विलीन झाले आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्यभारत मध्यप्रदेशात गेला. (ही तारीख सीमाभागातील वाचकाला वेगळी सांगायला नको.) नव्या राज्याची राजधानी भोपाळला गेली, उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ जबलपूरला गेले. ग्वाल्हेरच्या वाट्याला उच्च न्यायालयाचे खंडपीठ, राज्याचे महसूल मंडळ, महालेखापाल, तसेच आबकारी व परिवहन आयुक्तांच्या कचेऱ्या आल्या. त्यामुळे जमिनीचे अपील, फौजदारी जामीन आणि रिट अर्ज ही तिन्ही कामे तिथे एकाच शहरात होतात. मुन्शीला शाखा बदलण्यासाठी गाव सोडावे लागत नाही. मग त्याला अडचण कसली येते? पहिली अडचण शब्दांची.

शब्दांचे सापळे

महसुलाच्या कामात आपला फेरफार तिथे नामांतरण होतो, वाटपाला बटवारा म्हणतात, मोजणी करून हद्द ठरवण्याला सीमांकन म्हणतात, आणि तलाठ्याच्या जागी पटवारी असतो. दिवाणीत गेले की आपली कैफियत जवाबदावा होते, समन्सच्या बजावणीला तामील आणि जप्तीला कुर्की म्हणतात. फौजदारीत खासगी फिर्याद म्हणजे इस्तगासा आणि जामीन म्हणजे जमानत.

हे शब्द निदान अनोळखी वाटतात, म्हणून माणूस विचारून घेतो. खरा धोका ओळखीच्या शब्दांचा. हिंदी कोर्टात राजीनामा म्हणजे उभय पक्षांतली तडजोड; आपल्याकडे राजीनामा म्हणजे नोकरी सोडल्याचा कागद. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. मराठीत शिक्षा कोर्ट सुनावते. मराठी पक्षकाराला ‘राजीनाम्यावर सही करा’ एवढेच सांगितले, तर आपण दावा मिटवत आहोत हे त्याच्या ध्यानात येईलच असे नाही. तिथे अर्थ उलगडून सांगणारा मुन्शी नसेल, तर पक्षकाराचे नुकसान ठरलेले.

आकड्यांची सवय

दुसरी अडचण मुदतीची. दिवाणी हुकूमनाम्यावर उच्च न्यायालयात अपील करायला ९० दिवस, जिल्हा न्यायालयात ३० दिवस. सत्र न्यायालयाने सुनावलेल्या कैदेच्या शिक्षेविरुद्ध उच्च न्यायालयात जायला ६० दिवस. आरोपी कोठडीत असेल तर गुन्ह्याच्या स्वरूपानुसार ६० किंवा ९० दिवसांत दोषारोपपत्र यावे लागते. न आल्यास त्याला जामिनाचा हक्क मिळतो. म्हणजे दिवाणीत ज्या आकड्याने आपला दावा बुडतो, त्याच आकड्याने फौजदारीत माणूस सुटू शकतो.

त्यात १ जुलै २०२४ पासून फौजदारी कायदेच बदलले. जुन्या संहितेत कलम ४८२ म्हणजे उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन. पूर्वीचे १४४ म्हणजे जमावबंदी. आता १४४ म्हणजे बायको-मुलांची पोटगी. वीस वर्षांच्या मुरलेल्या मुन्शीलाही पुन्हा पहिलीत बसावे लागले. शाखा बदलू पाहणाऱ्या नवख्याला याहून चांगली वेळ कोणती? या एका विषयात जुना आणि नवा आज एकाच बाकावर आहेत.

आपल्याकडे काय करावे

सीमाभागातील मुलाने आरंभ महसुलापासून करावा असे मला वाटते. आकारबंद, हिस्सा, खराब, जमाबंदी हे शब्द मराठीत आहेत तसेच कन्नड दप्तरातही आहेत. जामीन, पंचनामा, फिर्यादी हेही थोड्या फरकाने दोन्हीकडे चालतात. १९५६ पूर्वी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता. त्या काळचे मराठी कागद आजही घराघरांत आहेत, काही मोडीतही आहेत. तीस वर्षांहून जुना दस्त योग्य ताब्यातून आला, तर त्याच्या खरेपणाबद्दल कायदा अनुकूल गृहीतक धरू शकतो. पण तो दस्त वाचणार कोण? २०२३ साली महाराष्ट्रात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची गरज एकाएकी सर्वांना कळली. मोडी येणाऱ्या कारकुनाला महसूल, दिवाणी, वारसा या तिन्ही शाखांत मागणी राहील.

दोन हक्कही पाठ असावेत. आरोपीला न समजणाऱ्या भाषेत त्याच्यासमक्ष पुरावा दिला गेला, तर तो भर कोर्टात त्याला समजेल अशा भाषेत सांगितला पाहिजे. नव्या संहितेचे कलम ३१४ हेच सांगते. आणि घटनेच्या अनुच्छेद ३५० प्रमाणे सरकारी अधिकाऱ्याकडे गाऱ्हाणे राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत मांडता येते. हा दुसरा हक्क कोर्टातील दाव्याच्या कागदांना लागू नाही, हेही लक्षात ठेवावे. हक्क मागणे हे समितीचे काम आहे, ते चालूच राहील. पण उद्याच्या तारखेला कोर्टात उभ्या राहणाऱ्या शेतकऱ्याला दोन्ही भाषा जाणणारा माणूस आजच हवा आहे.

यासाठी फार खर्च लागत नाही. सयाजीराव गायकवाडांच्या बडोदे संस्थानाने १९३१ साली ‘सयाजी शासन शब्द कल्पतरू’ काढला. कारभारातले शब्द त्यात अनेक भाषांत शेजारी शेजारी मांडले होते. आपल्या मुलांनी निदान एक वही करावी. एका रकान्यात मराठी शब्द, दुसऱ्यात कन्नड, तिसऱ्यात इंग्रजी, आणि चौथ्यात त्या कामाची मुदत. महसुलासाठी एक भाग, दिवाणीसाठी दुसरा, फौजदारीसाठी तिसरा. गावच्या वाचनालयात आठवड्यातून एक संध्याकाळ यासाठी काढली, तरी वर्षभरात वही भरेल. अशी वही ज्याच्या बगलेत आहे, त्याला शाखा बदलायची भीती राहणार नाही, आणि त्याच्याकडे आलेल्या माणसाला न समजलेल्या कागदावर अंगठा उठवावा लागणार नाही.