पिठांतील तांबडा भुंगेरा

पावसाळ्यांत महिनाभर राहिलेली कणीक चाळावयास घेतली कीं चाळणींत तिळाएवढे तांबूस किडे पळूं लागतात. सोबत पिवळसर अळ्याहि वळवळतात. ‘पिठाला अळ्या झाल्या,’ असें आपण म्हणतों, जणूं पीठच त्यांना प्रसवलें! वस्तुतः इ. स. १६६८ मध्यें रेडी नांवाच्या इटालियन वैद्यानें मांसाचीं भांडीं झांकून दाखवून दिलें कीं, माशी बसली नाहीं तर मांसांत अळी होत नाहीं. पिठासहि तोच न्याय लागू आहे.

हा किडा म्हणजे तांबडा भुंगेरा. हर्ब्स्ट या जर्मन शास्त्रज्ञानें १७९७ सालीं त्याचें वर्णन केलें. त्याचें कुल अफाट आहे. सुमारें २०,००० जाति, आणि त्यांतील पुष्कळशा अंधारांत वावरणाऱ्या. नामिबच्या वाळवंटांतील त्याचा एक भाऊबंद पहांटे डोकें खालीं करून उभा राहतो आणि अंगावर जमलेल्या धुक्याचें पाणी तोंडांत ओघळूं देतो. थंड देशांतील कोठारांत दुसरा एक काळा भाऊबंद आढळतो. त्याची इंचभर लांबीची अळी तिकडे पाळीव पक्ष्यांस चारतात, आणि २०२१ सालीं युरोपीय संघानें ती माणसांच्या खाण्यासहि मान्य केली. आपली पोळी तिच्यावांचून अडलेली नाहीं!

आपल्या भुंगेऱ्याची मादी शेंकडों अंडीं घालते. अंडें चिकट असल्यामुळें त्यावर पिठाचे कण बसतात व तें दृष्टीस पडत नाहीं. तीस ते पस्तीस अंश उष्णमानांत अंड्याचा भुंगेरा होण्यास सुमारें एक महिना पुरतो. संख्या फार वाढली म्हणजे हे किडे क्विनोन नांवाचीं द्रव्यें सोडतात. त्यामुळें पिठास उग्र वास व गुलाबी झांक येते. असें पीठ चाळून न वापरतां टाकून द्यावें.

अखंड, निरोगी दाणा मात्र याला सहसा फोडतां येत नाहीं. सोंड्या दाणा पोखरतो, आणि हा मागाहून येऊन चुऱ्यावर ताव मारतो. म्हणून याचें खरें घर धान्याची कणगी नसून पिठाचा डबा होय. आमच्या फुलंब्रीकडे बाजरी थोडीथोडी दळतात, कारण तिचें पीठ लवकर कडू होतें. तेव्हां बाजरीच्या पिठांत या पाहुण्यास महिन्याची मुदत मिळतच नाहीं. कणीक टिकते, म्हणून आपण ती एकदम दळून आणतों आणि जुन्या पिठाच्या तळावरच नवी ओततों. डब्याच्या सांध्यांत राहिलेलीं अंडीं पुढील काम करतात.

यावर कित्येक घरांत ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या धान्यांत ठेवतात. राहत्या घरांत हें कदापि करूं नये. हवेंतील ओलाव्यानें त्यांतून फॉस्फिन वायु सुटतो आणि तो शेजारीं निजलेल्या माणसांचाहि प्राण घेतो. उलट या भुंगेऱ्याचे अनेक वंश त्या वायूस दाद देईनासे झाले आहेत.

त्यापेक्षां पंधरा दिवसांपुरतेंच दळावें. डबा रिकामा झाला कीं धुऊन, सांधे घासून, कडक उन्हांत पूर्ण वाळवावा. रवा-मैदा शीतकपाटाच्या बर्फाच्या कप्प्यांत चार दिवस ठेवल्यास अंडींसुद्धां मरतात. चाळणींत उरलेले किडे केराच्या टोपलींत टाकूं नयेत, ते पुन्हां डब्याकडे येऊं शकतात; त्यांवर उकळतें पाणी ओतावें.