तिखट करंजी संध्याकाळपर्यंत मऊ का पडते?

थंडी सुरू झाली की शेतातून ओला हरभरा, तुरीच्या शेंगा, मटार असं सगळं एकदमच घरात येतं. बाजारात कोथिंबिरीची जुडी स्वस्त होते. आणि शाळेतून आलेल्या पोरांना चहाच्या वेळी काहीतरी तिखट-खारं हवंच असतं. दुकानातल्या पाकिटांवर रोज दहा-वीस रुपये घालवण्यापेक्षा घरच्या कढईत काय काय होतं, ते आज बोलूया. तिखट करंजी, खारे शंकरपाळे, खारे चिरोटे आणि पुडाची वडी. यातल्या कशालाही भट्टी लागत नाही.

यातल्या बऱ्याच कृती तुम्हाला येतात, हे आम्हाला ठाऊक आहे. पण गटाच्या सभेत एक तक्रार नेहमी येते, "सकाळी कुरकुरीत होत्या हो ताई, संध्याकाळी वातड झाल्या." घरात कुणीतरी खाऊन टाकतं. पण तीच दिवाळीची किंवा लग्नाची ऑर्डर असली तर पीठ, तेल, गॅस तर जातोच, वर गिऱ्हाईकही जातं. म्हणून आधी हे असं का होतं ते बघू.

गव्हाच्या पिठात पाणी पडून ते मळलं गेलं की त्यात चिवट धागे तयार होतात. पोळी फाटत नाही, ताणली जाते ती त्यांच्यामुळे. करंजीला मात्र हा चिवटपणा नको. मोहन असतं ते त्यासाठीच. पाणी घालायच्या आधी पिठाला तेल चोळलं की पिठाच्या कणांवर तेलाचा लेप बसतो, पाणी कमी पोचतं, धागे आखूड राहतात आणि पारी खुसखुशीत होते. पीठ भिजवून झाल्यावर वरून कितीही तेल लावा, हे काम होत नाही.

प्रमाण असं ठेवा: 2 वाट्या मैदा किंवा कणीक, पाव वाटी कडकडीत तेल. तेल ओतल्यावर आधी चमच्याने हलवा, मग हाताने चांगलं चोळा. मुठीत पीठ दाबलं की मुटका झाला पाहिजे आणि बोटाने ढकलला की फुटला पाहिजे. मुटका होत नसेल तर मोहन कमी आहे. फार जास्त झालं तर करंजी तेलात हसते, म्हणजे फुटून विरघळते. पाणी थोडं थोडं घालून पीठ घट्ट भिजवा आणि अर्धा तास झाकून ठेवा.

मैदा की कणीक, हेही नेहमी विचारलं जातं. आमचं मत विचाराल तर घरच्यासाठी कणीकच. थोडी जाड लागते, पण पोट भरतं. ज्वारी-नाचणीच्या पिठात ते धागे होत नाहीत, म्हणून नुसत्या ज्वारीची पारी लाटताना फाटते. 3 वाट्या कणकेत 1 वाटी ज्वारीचं पीठ चालतं.

आता तळण. सगळ्यात जास्त माल इथे बिघडतो, कारण आपल्याला घाई असते. तेल फार तापलं की करंजीला पटकन रंग येतो, वर फोड येतात, पण पारीच्या आतलं पाणी तसंच राहतं. तेच पाणी नंतर पारीत मुरतं आणि ती मऊ पडते. पिठाची बारीक गोळी तेलात टाका. ती लगेच उसळून वर आली तर आच कमी करा, सावकाश वर आली तर तेल बरोबर आहे. मंद ते मध्यम आचेवर, बुडबुडे जवळजवळ थांबेपर्यंत तळा. बुडबुडे म्हणजे बाहेर पडणारी वाफ, ते थांबले की पाणी गेलं.

सारणाचंही तेच. मटार किंवा सोलाणे जाडसर वाटून आलं, मिरची, जिरं घालून कढईत परता, कोरडं होईस्तोवर. गरम सारण भरू नका, त्याची वाफ पारीला लागते. आणि ओल्या दाण्याची करंजी त्याच दिवशी संपवायची, ती टिकाऊ नाहीच. ऑर्डरीसाठी सुकं खोबरं, तीळ, धने, बडीशेप यांचं बाकरवडीसारखं सारण भरा.

बेकरीतली खारी पोरांना आवडते ना? तिच्यासारखे पदर घरी हवे असतील तर खारे चिरोटे करा. मैद्यात मीठ, ओवा, भरडलेले मिरे आणि थोडं मोहन घालून पीठ भिजवा. 2 चमचे तूप फेसून त्यात 2 चमचे तांदळाची पिठी घाला, हा झाला साटा. 3 पातळ पोळ्या लाटा, प्रत्येकीवर साटा लावून एकावर एक ठेवा, घट्ट गुंडाळी करा, बोटभर तुकडे कापा आणि हलक्या हाताने लाटा. जोर दिलात तर पदर चिकटतात. तळताना झाऱ्याने वर तेल उडवत राहा. पिठातलं पाणी वाफ होऊन फुगतं, मधला साटा पदरांना चिकटू देत नाही, म्हणून ते सुटतात.

पुडाची वडी विदर्भातली. तिकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, म्हणून हिला सांबारवडीही म्हणतात. कोथिंबीर आदल्या रात्री धुऊन कापडावर पसरा, पूर्ण सुकू द्या. आलं, लसूण, मिरची, तीळ, खसखस, सुकं खोबरं परतून गॅस बंद करा आणि मग कोथिंबीर घाला. मीठ अगदी भरताना घाला, कारण मिठाने कोथिंबिरीला पाणी सुटतं. पारीला निम्मं बेसन, निम्मी कणीक. पारीवर चिंचेचा कोळ आणि काळा मसाला अगदी पातळ लावून सारण भरा, घडी घालून कडा दाबा आणि तळा. सोबत गरम कढी पाहिजेच, नाहीतर वडी घशाखाली उतरत नाही असं तिकडच्या बायका म्हणतात!

तळलेलं सगळं चाळणीत उभं करून निथळू द्या. डब्यात भरायचं ते पूर्ण गार झाल्यावर, रात्रभर कापडाखाली राहिलं तरी चालेल, पण पावसाळी हवेत नको. एकदा तळलेलं तेल गाळून दोन-तीन दिवसांत भाजीला संपवा. काळं पडलेलं, फेस येणारं तेल पुन्हा तळायला घेऊ नका. त्याने माल लवकर खवट होतो आणि पोटालाही ते बरं नाही.

शंकरपाळ्यांना वरचंच पीठ, त्यात ओवा-तिखट, एवढंच. पुढच्या भागात ऑर्डरीचा हिशेब आणि भाव कसा ठरवायचा ते बघू. तोवर तुमचे प्रश्न गटाच्या सभेत लिहून द्या.