अल्कोहोल इंधन आणि कार्बोरेटरची जुळणी : वाळूजच्या संदर्भात

वाळूज येथे बजाज ऑटोचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला. तेथील जुन्या दुचाकींच्या कार्बोरेटरमध्ये आज २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल पोहोचते. एक किलो पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनास सुमारे १४.७ किलो हवा लागते. इथेनॉलला ९, तर शर्यतीच्या वाहनांतील मिथेनॉलला ६.४ किलो. जेटमधील प्रवाह छिद्राच्या व्यासाच्या वर्गानुसार वाढतो. म्हणून मिथेनॉलसाठी व्यास सुमारे दीडपट, शुद्ध इथेनॉलसाठी सव्वापट करावा लागतो. २० टक्के मिश्रणास सुमारे चार टक्क्यांची वाढ पुरते. शुद्ध अल्कोहोलसाठी फ्लोट-कक्षाची झडपही तेवढे इंधन पुरवणारी हवी. अन्यथा भर वेगात इंधन अपुरे पडून पिस्टन जळण्याचा धोका संभवतो. सारांश, इंधन बदलण्यापूर्वी जेट व झडप यांचा हिशेब मांडणे अगत्याचे ठरते.