जीपचा पाटा आणि नवशिक्याचा हात

शेतकरी बंधूंनो, ताडपत्रीखाली उभी असलेली जुनी जीप आजही अनेक वाड्यावस्त्यांवर दिसते. दुसऱ्या महायुद्धानंतर महिंद्रने मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली, तेव्हापासून या गाडीने आपल्या पांदीच्या वाटा तुडवल्या. आता अनेकांकडे छोटं वेल्डिंग मशीनही आलंय. फाटकाची बिजागरी नीट जोडली, की हात शिवशिवतात आणि माणूस थेट जीपखाली शिरतो. तिथं जरा थांबा!

जीपच्या पुढच्या-मागच्या दोन्ही आसांखाली पाटे असतात. पाटा हा स्प्रिंगच्या पोलादाचा, तापवून पाणी दिलेला. त्याला रॉड लावला की ते पाणी उतरतं आणि जोडाशेजारचं पोलाद ठिसूळ होतं. जोड वरून झकास दिसतो, पण भरलेली गाडी खड्ड्यात आदळली की कडेला तुटतो. मेन पाटा तुटला तर आस सरकतो, गाडी एकीकडे ओढते आणि वळणावर जीव जाऊ शकतो. म्हणून तुटलेला पाटा बदलायचाच. यू-बोल्ट, शॅकल आणि स्टिअरिंगच्या दांड्यांनाही वेल्डिंग नको.

चासीला पाटा धरणारा हँगर मात्र साध्या पोलादाचा असतो, तो जोडता येतो. पण आधी हात बसवा. तेवढ्याच जाडीचे भंगारातले दोन तुकडे टी आकारात उभे करून एकाच बाजूने जोडा. ३.१५ मि.मी.च्या ६०१३ रॉडला साधारण १०० ते १३० अँपिअर पुरतात. तुकडे थंड झाले की घणाने उलटे पाडा. जोड सोलून निघाला किंवा आत काळी मळी दिसली, तर करंट कमी पडला किंवा हात चुकला. गाडीखाली जोड उभा नाहीतर डोक्यावर येतो. त्यामुळे तशा अवस्थेतही सराव हवा.

प्रत्यक्ष कामाआधी बॅटरीच्या वायरी सोडा. पेट्रोलची टाकी व नळी काढून दूर ठेवा. नुसत्या जॅकवर विसंबू नका, चासीखाली भक्कम ओंडके द्या. गंज घासून चांगलं लोखंड उघडं करा, अर्थिंग जोडाजवळच लावा. हँगर दोन्ही बाजूंना सारख्या मापावर आहे ना, हे टेपने पाहा. नाहीतर आस तिरका बसेल. काचेशिवाय ठिणगीकडे बघू नका, रात्रभर डोळ्यांत वाळू खुपल्यासारखं होतं.

आणि एक सांगतो. टाके खुशाल तुम्ही मारा, पण पहिल्या खेपेला पक्का जोड जाणत्या कारागिराकडूनच घ्या. त्यात कमीपणा कसला?

सरपंच, ग्रामसेवक मंडळींनीही ध्यानात ठेवावं, की पाण्याच्या टँकरचा नि ट्रॉलीचा पाटाही याच जातीचा. मजुरीचे चार पैसे वाचवायला जोडलेला पाटा भरल्या रस्त्यात दगा देतो.