खिशातील घडीचे अवजार

अर्धापुरास केळीच्या बागेत किंवा लातूरकडे सोयाबीनच्या शिवारात एखादा पेच ढिला झाला, की हत्यारासाठी घर गाठावे लागते व वेळ वाया जातो. स्वित्झर्लंडात १८९७ साली कार्ल एल्सनर यांनी लष्करी अधिकाऱ्यांसाठी अनेक पात्यांचा चाकू काढला. अमेरिकेत टिम लेदरमन यांनी १९८३ साली विक्रीस आणलेल्या अवजारात पक्कडही आली. पेच आवळणे, सुतळी कापणे, तार वाकविणे या कामी असे अवजार बाळगावे, असे आमचे मत आहे. मात्र त्याची मूठ बहुधा उघड्या पोलादाची असते. चालू मोटारीच्या तारेस ते लावणे म्हणजे प्राणाशी गाठ! विजेचे काम वायरमनकडेच सोपवावे. केळीचा चीक लागल्यास पाते लगेच पुसावे व सांध्यास तेलाचा थेंब द्यावा.